डोंबिवलीहून किती लांब जायचं?

नोकरी शोधणारी आपल्यातली मुलं-मुली मला साधारण एकच प्रश्न विचारतात, फक्त स्टेशनांची नावं बदलतात. डोंबिवली ते बीकेसी जमेल का? मुंब्रा ते पवई? कल्याण ते लोअर परळ? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून मला वाटतं हे पॅकेजबद्दल विचारतील, कुठली टेक्नॉलॉजी शिकू म्हणतील. ते प्रश्न नंतर येतात. आधी अंतर. आणि त्यावर घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं. मुलगा असेल तर, "सगळेच जातात, तूही जा." मुलगी असेल तर, "एवढ्या लांब कशाला?"

मला दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पहिल्यात मुलाच्या वेळेला आणि जिवाला काही किंमतच धरलेली नाही. दुसऱ्यात अंतराच्या आडून मुलीची नोकरीच नाकारलेली असते. मधला रस्ता म्हणजे एक आकडा ठरवणं, आणि तो दोघांना सारखाच लावणं. माझा आकडा आधीच सांगून टाकतो : दारापासून दारापर्यंत, एका वेळचा, सव्वा तास. त्याहून जास्त प्रवास करायचा असेल तर तो ठरावीक मुदतीपुरता, नेमक्या कारणासाठी, आणि त्याची किंमत मागून घेऊन.

सव्वा तासच का, यावर वाद होऊ शकतो. सेझारे मार्केत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ साली लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध आहे. माणूस खेड्यात राहो की महानगरात, पायी जावो की मोटारीने, दिवसाचा साधारण एक तासच तो जाण्यायेण्यात घालवतो, असं त्यात मांडलं आहे. वाहन वेगवान झालं की तो लांब राहायला जातो, पण तास तेवढाच राहतो. एक तास म्हणजे जाऊन-येऊन, बरं का. त्या हिशेबाने डोंबिवलीकर हा मनुष्यप्राण्यात मोडतच नाही. आमच्याकडे एका तासात जेमतेम ठाणे, ऐरोली किंवा मुलुंड होतं. म्हणून मी पंधरा मिनिटं वाढवून घेतली आहेत, म्हणजे निदान घाटकोपर-विक्रोळीपर्यंतचे दरवाजे उघडे राहतात.

आता मोजायचं कसं. मोबाईलवरचा नकाशा डोंबिवली ते बीकेसी दाखवतो तो वेळ विसरा. तिथे मी साडेतीन वर्षं गेलो आहे, त्याचा खरा हिशेब असा : एमआयडीसीतल्या घरातून शेअर रिक्षाने स्टेशन, १५ मिनिटं. प्लॅटफॉर्मवर १० मिनिटं, कारण सकाळी पहिल्या फास्टमध्ये पाय ठेवायला मिळेलच असं नाही. डोंबिवली ते कुर्ला ५० मिनिटं. पूल चढून-उतरून रिक्षाच्या रांगेत १५. तिथून ऑफिसच्या गेटपर्यंत आणखी १५. झाले पावणेदोन तास. आणि हा चांगला दिवस. काही जण उलटं कल्याणला जाऊन तिथून सीट धरून येतात, त्यांचे आणखी वीस मिनिटं धरा.

आमच्या धंद्यात सर्व्हरचा वेग मोजताना सरासरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. शंभरातल्या पाच सर्वांत वाईट वेळा काय होतं, ते बघतात. प्रवासाचंही तसंच मोजायला हवं. दोन आठवडे रोज निघाल्याची आणि पोचल्याची वेळ लिहून ठेवा. त्यात एक पावसाचा दिवस येऊ द्या, एखाद्या सिग्नल बिघाडाचा येऊ द्या. त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा वाईट दिवस हा तुमचा खरा प्रवास. कारण बॉसला आणि घरच्यांना जाब द्यावा लागतो तो त्याच दिवशी.

पैशाचा हिशेबही करून टाकू. समजा ऐरोलीला ६० हजारांची नोकरी आहे आणि बीकेसीला ६८ हजारांची. दोन्हीकडे दिवसाचे नऊ तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे १९८ तास काम. ऐरोलीला ठाण्याहून ट्रान्सहार्बरने जायला एक तास लागतो, म्हणजे महिन्याला ४४ तास प्रवास. बीकेसीला पावणेदोन, म्हणजे ७७ तास. आता पगाराला कामाच्या आणि प्रवासाच्या एकूण तासांनी भागा. ऐरोलीचे तासाला २४८ रुपये पडतात, बीकेसीचे २४७. म्हणजे जास्तीचे आठ हजार हे पगारवाढ नव्हेत, ते ३३ तास उभं राहण्याची मजुरी आहे. वर्षाचे अकरा महिने धरले तर बीकेसीवाला साधारण ८५० तास प्रवासात असतो. नऊ तासांचा एक दिवस धरला, तर कामाचे ९४ दिवस. ऑफर लेटर हातात आलं की हा भागाकार पाच मिनिटांत होतो, पण तो करून बघणारा मला क्वचितच भेटला आहे.

याचा अर्थ बीकेसीला जाऊ नका असा नाही. मी गेलो ते बरं झालं. जे काम तिथे शिकलो, ते त्या वेळी ठाण्याच्या अलीकडे मिळत नव्हतं. पण किती वर्षं जायचं, हे ठरवून जावं. वीस-पंचविशीत शरीर सोसतं म्हणून डोकं त्याची नोंद घेत नाही, आणि 'तात्पुरतं' म्हणून धरलेली लोकल पंधरा वर्षं सुटत नाही. डोंबिवलीत असे लोक प्रत्येक मजल्यावर सापडतील.

अब्बांच्या पिढीला हे बोलणं नाजूकपणाचं वाटतं. अब्बांनी तीस वर्षं मस्जिद बंदरला उभ्याने नोकरी केली. "आम्ही काय मेलो?" हे त्यांचं वाक्य घरात अनेकदा झालेलं आहे. त्यांच्या कष्टांबद्दल आदर ठेवूनच सांगतो, त्यांची आणि आमची तुलना होत नाही. त्यांची नोकरी सहाला सुटायची आणि ती सुटायचीच. संध्याकाळची लोकल ठरलेली, डबा ठरलेला, ग्रुप ठरलेला. चौथ्या सीटवर बसणाऱ्याला घाटकोपरनंतर कोण आत सरकू देणार, हेही ठरलेलं. आमचं काम अमेरिकेतल्या क्लाएंटच्या सकाळप्रमाणे चालतं. साडेनऊला घरी पोचलो की दहाचा कॉल असतो. शिवाय अब्बा घरी येऊन जेवून झोपू शकत होते, कारण बाकीचं सगळं घर अम्मी ओढत होती. तिच्या तासांचा हिशेब त्या तीस वर्षांत कुणी मांडलाच नाही.

आणि मेलो का म्हणाल, तर हो, लोक मरतात. ९ जून २०२५, सोमवार, सकाळची वेळ. दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेली माणसं एकमेकांवर घासून खाली पडली. त्यात किमान चार जण गेले. कल्याण-डोंबिवली-दिवा पट्ट्यातल्या कुणालाही त्या बातमीत आश्चर्य वाटलं नसेल, भीती वाटली असेल. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबाला आपटून. २०२४ साली एका जनहित याचिकेच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयानेही प्रवाशांना गुरांसारखं कोंबून नेण्याची लाज वाटते, अशा अर्थाचे शब्द रेल्वेला सुनावले होते. त्या आधी २ जानेवारी २०१५ ला दिव्याच्या प्रवाशांनी रुळांवर उतरून गाड्या रोखल्या, दगडफेक झाली. दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही. पण रोज तीन-तीन गाड्या सोडून चौथीत लटकणाऱ्या माणसाला एकदा असं वाटू शकतं, हे मला कळतं.

तेव्हा अंतर ठरवताना मिनिटांबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : तुमच्या वेळेला तुमच्या स्टेशनावर आत शिरता येतं का? येत नसेल, दारातच उभं राहावं लागत असेल, तर अर्ध्या तासाचा प्रवासही लांबचा आहे.

आता मुलींचं. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला बीकेसीतली नोकरी लागली. डेटाचं काम, तिला हवं होतं तेच. घरात लगेच वातावरण गंभीर. नोकरीला विरोध कुणाचाच नव्हता, असं प्रत्येकाने दोनदा सांगितलं. विरोध फक्त कुर्ल्याला होता, गर्दीला होता, रात्री नऊला परत येण्याला होता. "जवळपास बघ ना एखादी," अम्मी म्हणाली. बहिणीने एवढंच विचारलं, "भाई साडेतीन वर्षं साडेनऊला यायचा, तेव्हा त्याला कधी म्हणालात?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही. मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. वरचा भागाकार केला. एचआरला काय विचारायचं ते लिहून काढलं. आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि साडेअकराची सुरुवात, अशी तिने मागणी केली. त्यांनी घरून एक दिवस आणि साडेदहाची सुरुवात दिली. ती दोन वर्षांची मुदत ठरवून गेली आहे. दोन वर्षांनी ठाण्यात किंवा ऐरोलीत त्याच कामाची नोकरी बघायची, असं ठरलं आहे.

अम्मीची काळजी खोटी नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. रात्री नवानंतर लेडीज डब्यात पोलीस असतो, पण स्टेशनापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर नसतो. प्रश्न असा आहे की त्या काळजीवर उपाय काय शोधायचा. रिक्षा ठरवून द्यायची, स्टेशनवर घ्यायला जायचं, कंपनीकडे लवकर सुटण्याची मागणी करायची, की नोकरी सोडायला लावायची? आपल्या घरांमधून चौथा उपाय फार पटकन पुढे येतो. शिकलेल्या, गुणवत्ता यादीत आलेल्या कितीतरी मुली स्टेशनापासून दहा मिनिटांवरच्या शाळेत किंवा क्लासमध्ये अडकून पडलेल्या मी बघतो. त्यातल्या काहींना ते काम मनापासून आवडतं, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. बाकीच्यांना कुणी 'नको' म्हटलेलं नसतं. फक्त 'लांब आहे' म्हटलेलं असतं.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे, जी आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. नोकरी लांब आहे, तर घर जवळ घ्या, असं सल्ला देणारे सांगतात. विक्रोळीला, भांडुपला भाड्याने राहा. मी प्रयत्न केला होता. फोनवर मराठी ऐकून एजंट खूष असायचे. नाव सांगितलं की फ्लॅट 'कालच गेलेला' असायचा. एकाने तर प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, माझी हरकत नाही, सोसायटीची आहे." दिल्ली परिसरात सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांबद्दल केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांना घर नाकारलं जातं, हे त्यांनी पद्धतशीर दाखवलं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही असुरक्षिततेपोटी एकाच वस्तीत गोळा होण्याबद्दल लिहिलेलं आहे. मुंब्रा आज आहे तेवढं मोठं का झालं, हे ९२-९३ नंतर मुंबईतून कोण कुठे गेलं ते बघितलं की समजतं. आणि मुंब्र्याला फास्ट लोकलचा थांबा मिळावा, ही मागणी किती जुनी आहे तेही तिथे कुणालाही विचारा. भिवंडी तर कमालच. यंत्रमागाचं एवढं मोठं शहर, पण भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, मुंबईची थेट लोकल नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं होतं.

म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांचा प्रवास हा निवडलेला नसतो. कुठल्या इमारतीत घर मिळतं, त्यावर तो ठरतो. घरभाड्यातला भेदभाव आपण मानहानीचा प्रश्न म्हणून मांडतो, आणि तो आहेच. पण तो रोजच्या दीड-दोन तासांचाही प्रश्न आहे. ती मिनिटं मोजून मांडता येतात. 'आम्हाला वाईट वाटलं' यापेक्षा 'या नकारामुळे माझे वर्षाला चारशे तास गेले' हे वाक्य मला जास्त उपयोगाचं वाटतं.

ज्यांना निवडच नाही, त्यांचं काय? रात्रपाळीचा वॉचमन, मॉलमधला सेल्समन, कसाऱ्याहून येणारा हमाल यांना सव्वा तासाचा नियम सांगायला गेलो तर ते हसतील. बरोबरच आहे. म्हणून तर ज्याला निवड आहे त्याने ती बोलून दाखवायला हवी. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठी त्या फेब्रुवारी २०२१ पर्यंत खुल्या नव्हत्या. त्या काळात डोंबिवलीच्या वन बीएचकेमधून आम्ही बँका चालवल्या, विमा चालवला, कुणाचं काही अडलं नाही. आता त्याच कंपन्या आठवड्यातून पाच दिवस समोर बसा म्हणतात. इंजिनिअरनेच ऐकून घेतलं, तर बाकीच्यांसाठी कोण मागणार? मध्य रेल्वेने २०२३ मध्ये सीएसएमटीच्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या दोन वेळा केल्या, एक साडेनऊची आणि एक साडेअकराची, आणि इतर कार्यालयांनाही तसं करण्याची विनंती केली. स्वतः रेल्वेच जर म्हणते की सगळे एकाच वेळी येऊ नका, तर मुलाखतीत वेळ बदलून मागायला संकोच कसला?

कायदाही हळूहळू इकडे सरकतो आहे. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यात पोचण्याआधीच अपघातात गेला. विमा कंपनीचं म्हणणं, तो कामावर नव्हताच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याचा अर्थ लावताना सांगितलं की घर आणि कामाची जागा यांच्यामधल्या प्रवासातला अपघातही, नोकरीशी त्याचा संबंध सिद्ध झाला तर, नोकरीच्या ओघातला धरता येईल. बावीस वर्षं लागली. आपल्यासारख्या आयटीवाल्यांच्या हाती यातून लगेच काही पडणार नाही, तो कायदा ठरावीक कामांच्या कामगारांसाठी होता. पण कामावर जाण्याची वाट हा कामाचाच भाग आहे, हे आता आपण एकटेच म्हणत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या चळवळीचा. प्रभाग कार्यालयातली सुनावणी, मुलांच्या अभ्यासिकेची देखरेख, रेशन कार्डाचे अर्ज भरून देणं, ही कामं करायला तरुण मिळत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक बैठकीत होते. मिळतील कसे? जो साडेनऊला घरी येतो त्याच्याकडे नागरिक व्हायला वेळ उरत नाही. मी ऐरोलीला आल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, मला आठवड्याच्या दोन संध्याकाळी मोकळ्या मिळाल्या. वस्तीतल्या दहावीच्या मुलांचं गणित मी त्यातच घेतो. माझ्यात समाजसेवेची ओढ अचानक वाढली नव्हती, रोजचा दीड तास वाचला होता.

आणि आपल्याच बैठका कुठे होतात? दादरला किंवा पुण्याला. कल्याण-मुंब्रा-भिवंडीच्या पोरांनी सुट्टीच्या दिवशीही तीच लोकल पकडायची. पुढची बैठक कल्याणला ठेवा, त्याच्या पुढची भिवंडीला. जागा मी बघतो, चहा आमच्याकडून. मुंबईकरांनी एकदा डाऊनने यावं, सीट मिळेल. फक्त रविवारी मेगाब्लॉक असतो, जरा लवकर निघा.